प्रवासात असलेली विहीर

ब्युनोस आयर्स, ४ ऑगस्ट

मावशी,

हे फोनवर सांगितलं असतं. पण तू फोन उचलतेस, "काय ते लिहून पाठव" म्हणतेस आणि ठेवून देतेस. खानावळ काढण्याआधी इतकी वर्षं पोस्टात शिक्के मारल्यावर माणसाचं असंच होत असणार. तेव्हा लिहिते, निदान ईमेलला तिकीट लागत नाही.

आमच्या संस्थेचं बारसं झालं. 'सालादो पाणी समिती' हे नाव गेलं. आता आम्ही 'क्लारेआ', म्हणजे 'उजाडतंय'. हे एवढंसं नाव शोधायला एका कंपनीने अख्खं वर्ष खाल्लं आणि नावाबरोबर एक जाडजूड पुस्तकही दिलं: अक्षर कुठलं, रंग कुठले, फोटोतल्या माणसाने कुठे बघायचं. आता ऑफिसात सगळं त्या पुस्तकाप्रमाणे बदलायचंय. कप झाले, टी-शर्ट झाले, संडासाच्या दारावरची पाटीसुद्धा झाली. राहिला माझा डॅशबोर्ड.

तुला माहीतच आहे तो, फोनवर उघडतेस तो विहिरींचा नकाशा. हिरवा ठिपका म्हणजे पाणी प्या, पिवळा म्हणजे तपासणी बाकी, लाल म्हणजे पाण्यात आर्सेनिक आहे, तोंडाला लावू नका. अडचण अशी की नव्या पुस्तकात हिरवा नाही, पिवळा नाही आणि लाल तर औषधालाही नाही. आहेत ते पहाटेचे रंग: फिकट निळा, मोतिया आणि पीच फळासारखा गुलाबट. मोतिया कागदाला गेला, म्हणजे ठिपक्यांना उरले दोन. देल्फिना, आमची संचालिका, म्हणते, "लाल रंग माणसाला भीती घालतो. आपण आशा देणारी माणसं आहोत." म्हणून चांगल्या विहिरी निळ्या होणार, आणि लाल-पिवळ्या सगळ्या मिळून पीच. पीचखाली शब्द असणार, 'प्रवासात'.

यावर आमच्या प्रयोगशाळेतला फाउस्तो मीटिंगमध्ये उठून उभा राहिला. म्हणाला, "विहीर कुठेही जात नाही, देल्फिना. जातो तो पिणारा." सगळे खाली बघत बसले. मीही. माझा करार डिसेंबरात संपतोय.

शेवटी ठरलं की वापरणाऱ्यांचं मत घ्यायचं. वापरणारी म्हणून मला एकच बाई माहीत आहे. नमुना सोबत जोडलाय. बघ आणि खरं काय ते सांग.

तुझी,
नेरेआ


लास तुस्कास, ९ ऑगस्ट

नेरेआ,

तुझा नमुना माझ्या बंद पडलेल्या खानावळीच्या दारात खुर्ची टाकून बघितला, कारण रेंज तिथेच येते. उन्हात डोळे बारीक करून बघितला, मग चष्मा लावून बघितला. पोरी, सुरेख झालाय! इतकी वर्षं तुमचा नकाशा उघडला की गोवर आलेल्या पोराचं तोंड बघितल्यासारखं वाटायचं. आता कसं, लग्नाच्या पत्रिकेसारखं दिसतंय.

खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते. लाल रंगाने इथल्या माणसांचं काही भलं केलेलं नाही. लाल ठिपका म्हणजे कपाळावरचा डाग. ज्याच्या दारात लाल विहीर त्याच्याकडे बस थांबत नाही, पाहुणा थांबत नाही, मुलीला स्थळ सांगून येत नाही. आणि एवढं करून विहिरीचं पाणी काही बदलत नाही. घाबरलेला माणूस काय करतो? नकाशा बघायचंच सोडतो. हे तुमच्या त्या मीटिंगमध्ये जरूर सांग.

माझी विहीर लाल आहे म्हणून मी हे म्हणते असं समजू नकोस. माझं काय, मी एकटी बाई. बसचा ड्रायव्हर ओस्मार शहरातलं पाणी कॅनमध्ये आणून जाता जाता उतरवून देतो, तेवढं मला पुरतं.

'प्रवासात' हा शब्दही छान आहे. कुठे निघालीये ते विचारू नका म्हणजे झालं.

जेवत जा. मागच्या फोटोत तुझ्या गळ्याची हाडं दिसत होती.

झुलेमा


ब्युनोस आयर्स, २३ ऑगस्ट

मावशी,

तू कमाल केलीस. तुझं पत्र मी मीटिंगमध्ये मोठ्या अक्षरांत पडद्यावर लावलं. नाव नाही घातलं. 'लास तुस्कास येथील वापरकर्ती, वय ६८' एवढंच. "घाबरलेला माणूस नकाशा बघायचंच सोडतो" हे वाक्य देल्फिनाने दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिचा आवाज जरा भरून आला होता.

फाउस्तोने विचारलं, "ही बाई पाणी कुठलं पिते?" मी म्हणाले, "कॅनचं." तो म्हणाला, "मग तिला विचारून काय उपयोग?" देल्फिना म्हणाली, "फाउस्तो, आपण गावच्या माणसांचं ऐकायला शिकायला हवं." झालं. त्याने कागद गोळा केले. नंतर जिन्यात मला म्हणाला, "लाल विहिरींची यादी तुला ईमेलने पाठवतो. नकाशात नाही तर निदान तुझ्याकडे असू दे." पाठवली त्याने. अजून उघडलेली नाही, सध्या ठिपक्यांच्या सावल्या करण्यात बुडालेय.

पुढच्या आठवड्यात नवा डॅशबोर्ड सगळीकडे सुरू होईल. त्यानंतर तिकडे माणसंही पाठवणार आहेत, काही प्रत्यक्ष कामं करायला.

तुझ्यामुळे माझी खुर्ची थोडी तरी घट्ट झाली. हे विसरणार नाही.

नेरेआ


लास तुस्कास, १५ सप्टेंबर

नेरेआ,

तुमची माणसं येऊन गेली. दोन दिवस माझ्या विहिरीवर खपत होती. दोघंही गुणी पोरं, जेवली पोटभर. जाताना मला म्हणाली, "आता कुणी नावं ठेवणार नाही." खरंच, आता विहिरीकडे बघून बरं वाटतं.

आणि बस थांबायला लागली! बसवाल्या कंपनीचा नियम होता ना, लाल विहीर असेल तिथे प्रवाशांना उतरवायचं नाही. आता लालच नाही तर नियम कुणाला लावणार? ओस्मार पहिल्या दिवशी पायरीवरूनच, मानाने 'दोन्या' लावून, ओरडला, "दोन्या झुलेमा, चूल पेटवा, चाळीस भुकेली तोंडं आणलीयत!" मी तीन वर्षांत विसरले होते गं, गर्दीचा आवाज कसा असतो. सारण भरलेल्या एम्पानादा तळता तळता हात भाजले, पण काय सांगू, शेजारणीला रडू दिसू नये म्हणून कांदा जास्तच चिरला.

गावात नवीन मास्तरीण आली आहे. नाव मागाली. शहरातली, बारीकशी, कडेवर पाच महिन्यांचा सिमोन. शाळेच्या टाकीतलं पावसाचं पाणी संपलंय, दरवर्षी या दिवसांत संपतंच. म्हणून ती रोज माझ्या विहिरीवर येते. पहिल्या दिवशी फोन पुढे करून मला विचारलं, "मावशी, 'प्रवासात' म्हणजे काय हो?" मी म्हटलं, "म्हणजे काम चालू आहे." खोटं काय त्यात? काम झालंच होतं.

एक सहज विचारते. एका बाईने मला विचारलं म्हणून. तान्ह्या मुलाच्या दुधासाठी पाणी चांगलं खळाखळा उकळलं तर आर्सेनिक जातं ना? घाईने नको, सवडीने कळव. पण कळव.

झुलेमा


ब्युनोस आयर्स, २४ सप्टेंबर

मावशी,

आधी बातमी. संस्थेच्या वार्षिक अहवालाची आतली पानं छापायला गेली, मुखपृष्ठ तेवढं बाकी आहे. त्यात एक पान माझ्या डॅशबोर्डचं आहे. गेल्या वर्षी लाल विहिरी चाळीसच्या वर होत्या. या वर्षी: शून्य. तसं पाहिलं तर लाल रंगच नाही, तेव्हा शून्यच येणार. मी देल्फिनाला तेच म्हणाले. ती म्हणाली, "आकडा खोटा आहे का?" मी म्हणाले, "खोटा नाही." "मग झालं तर." युरोपातून ज्या प्रतिष्ठानचे पैसे येतात त्यांनी लगेच अभिनंदनाचं पत्र पाठवलं. इतक्या कमी काळात इतकी प्रगती त्यांनी कुठेच पाहिली नाही म्हणे. मलाही पाहायला मिळाली नव्हती.

पण तुझं पत्र वाचून मला खरोखर बरं वाटलं. म्हणजे निदान तुझ्याकडे तरी आर्सेनिक काढणारी गाळणी बसली! दोन दिवसांत बसवली म्हणजे पोरं खरंच गुणी. फाउस्तोला मी मुद्दाम सांगितलं की लास तुस्कासला यंत्र बसलंसुद्धा. तो म्हणाला, "मला कसं माहीत नाही?" पण त्याला हल्ली कुणी काहीच सांगत नाही.

उकळण्याबद्दल: नाही, अजिबात नाही. उकळल्याने आर्सेनिक जात नाही. पाणी आटतं आणि विष तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. रंग नाही, वास नाही, चव नाही, आणि लहान मुलांना तर सगळ्यात वाईट. त्या बाईला सांग, प्रवासातली विहीर असेल तर मुलाला थेंबही देऊ नको. तुझ्या विहिरीचं पाणी ने म्हणावं, तिथे आता काही भीती नाही.

आणि शेवटी मोठी गोष्ट. देल्फिनाला चित्रफीत करायची आहे, बंद पडलेली विहीर आणि पुन्हा गजबजलेली खानावळ. मी तुझं नाव सुचवलं. आम्ही अठरा ऑक्टोबरला येतोय, कॅमेऱ्यासकट. तुझा तो निळा झगा काढून ठेव.

नेरेआ


लास तुस्कास, ३ ऑक्टोबर

नेरेआ,

येऊ नका. निदान इतक्यात नको. विहिरीत मुंगूस पडून मेलंय.

म्हणजे मुंगसासारखं काहीतरी. मी आठ दिवसांपूर्वी तसं गावात सांगितलं, तुझं पत्र आलं त्याच दिवशी. मागाली बादली घेऊन आली होती, पोर कडेवर. मी दारातच तिला अडवलं. म्हटलं, "बाई, आज नको, आत काहीतरी मेलंय, वास येतोय." ती म्हणाली, "मला तर येत नाही." मी म्हटलं, "तुम्ही शहरातल्या, तुमची नाकं पेट्रोलने गेलीयत." बिचारी परत गेली. मला वाटलं, सुटले.

कसली सुटतेय! संध्याकाळी डॉन रुफिनो, आमच्या पाणी मंडळाचा म्हातारा, सहा जवान पोरं, पंप आणि दोर घेऊन हजर. "दोन्या झुलेमा एकटी आहे, तिची विहीर आपण नाही तर कोण साफ करणार?" मी म्हटलं, राहू द्या, उद्या बघू, मीच करेन. जितकं नको म्हणावं तितका त्यांना माझा चांगुलपणा दिसायचा. त्यांनी अख्खी विहीर उपसली. एक पोरगा दोराने खाली उतरला. वर येऊन म्हणाला, "आत काहीच नाही, काकू. तळ आरशासारखा स्वच्छ आहे." मग क्लोरीन टाकलं. आणि रुफिनोने सगळ्या गावासमोर एक पेला भरून घेतला, उचलला आणि गटागटा प्याला! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी मागाली दोन बादल्या घेऊन आली.

तेव्हा चित्रफितीचं पुढे ढकल. विहीर आजारी आहे म्हणून सांग. काहीही सांग.

झुलेमा


ब्युनोस आयर्स, ८ ऑक्टोबर

मावशी,

घाईत लिहितेय. डॉन रुफिनोने आमच्या ऑफिसला फोन करून सगळी हकीकत सांगितली: उपसली, तळ स्वच्छ, क्लोरीन, टाळ्या. देल्फिना आनंदाने खुर्चीतच उडाली. गावाने मिळून विहीर राखणं यालाच लोकसहभाग म्हणतात, आणि त्यासाठी पुस्तकात एक वेगळं चिन्हही आहे. आता तर ती चित्रीकरणाला स्वतः येतेय.

तू लाजतेयस, दुसरं काय. कॅमेऱ्यासमोर फक्त एक पेला पाणी प्यायचंय आणि हसायचंय. अठराला भेटू.

नेरेआ


सांतियागो देल एस्तेरो, २१ ऑक्टोबर

झुलेमा मावशी,

अठराला तुझ्या अंगणात आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही, म्हणून लिहितेय.

मी गाडीतून उतरले आणि आधी विहिरीकडे बघितलं. गाळणी शोधत होते. टाकी नाही, नळी नाही, यंत्र नाही. नुसता पंप, नखशिखांत पीच रंगात रंगवलेला, आणि दांड्यावर आमचा उगवता सूर्य. म्हणजे तुझ्याकडे दोन दिवस खपली ती रंगवणारी पोरं होती. तू लिहिलंस ते सगळं खरं होतं. शब्दन् शब्द खरा होता. मला तेवढं पुरलं, कारण मला तेवढंच हवं होतं.

तरी मी गप्पच होते, मावशी. देल्फिना तुझ्या झग्याची कॉलर सारखी करत होती, कॅमेरावाला ऊन मोजत होता, मागाली पोराला घेऊन कडेला उभी होती. तुझ्या हातात पेला दिला. मला वाटलं तू पिशील. देवाशपथ, मला वाटलं तू एक घोट घेशील, आपण दोघी त्यावर आयुष्यभर बोलणार नाही, आणि संपेल. पण तू पेला तसाच धरून म्हणालीस, "मी हे पाणी पीत नाही." देल्फिना हसली, "आज नसेल प्यायलं, हरकत नाही." तू म्हणालीस, "तीन वर्षांत नाही. यात आर्सेनिक आहे. होतं तेवढंच आहे." आणि मग मागालीकडे वळून तेच पुन्हा सांगितलंस, हळू. तेव्हा मी तिच्याकडे नाही, जमिनीकडे बघत होते.

गाडीत देल्फिना काय म्हणाली ऐक. "आवाज काढून टाकता येईल. पेला हातात छान दिसतोय."

पुढे पेट्रोल पंपावर गाडी थांबली तेव्हा मी कॉफीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. फाउस्तोची यादी ऑगस्टपासून न उघडता पडली होती. उघडली. दुसऱ्याच ओळीवर तुझी खानावळ. मी एकेक करून सगळे ठिपके लाल केले. सुंदर लाल नाही. जुना, गोवरासारखा लाल. 'प्रवासात' पुसलं आणि लिहिलं, 'पिऊ नका'. मग देल्फिनाला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "तो रंग पुस्तकात नाहीये, नेरेआ." मी म्हणाले, "हो, मला माहीत आहे."

तुझ्यावर मी चिडलेय. तू मला खरं सांगायला हवं होतंस. पण तू कॅनचं पाणी पितेस हे मला ठाऊक होतं, तरी तुझं वाक्य मी पडद्यावर लावलं. फाउस्तोने नेमका तोच प्रश्न विचारला होता.

उद्याच्या बसने परत जातेय. नोकरी असेल की नाही, माहीत नाही. सिमोनचं काय ते कळव.

नेरेआ


लास तुस्कास, २ नोव्हेंबर

नेरेआ,

चिडलीयस ते ठीक आहे. मी तुझ्या जागी असते तर ताट आपटलं असतं.

तुमची गाडी धुरळा उडवत गेली आणि अंगणात मी आणि मागाली दोघीच उरलो. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेली. हंडे उघडून बघितले. विचारलं, "यात कुठलं पाणी?" मी म्हटलं, "विहिरीचं." "लोकांचं जेवण?" "विहिरीच्या पाण्यात." मग तिने कोपऱ्यातला पडदा बाजूला केला. मागे ओस्मारचे कॅन होते.  म्हणाली, "म्हणजे तुमचं वेगळं होतं."  तिने दोन्ही कॅन उचलले, एक या हाताला, एक त्या हाताला, आणि पोराला झोळीत घालून चालू लागली. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "नको."

सिमोनला तिने शहरात नेलं. डॉक्टर म्हणाले, पाणी पोटात गेल्याचे दिवस फार नव्हते, आता ते पाणी बंद म्हणजे बंद, काही महिन्यांनी पुन्हा तपासू. हे मला ओस्मारकडून कळलं. ती माझ्याशी बोलत नाही. रस्त्याच्या पलीकडून जाते.

डॉन रुफिनो मात्र आला होता. "मी पेलाभर प्यायलो, आता मरणार का?" मी म्हटलं, "एका पेल्याने नाही मरत." तो म्हणाला, "मग आधी का नाही बोललीस? मी तुझ्यासाठी प्यायलो." हे मला मागालीच्या गप्प बसण्याइतकंच लागलं.

बस पुन्हा थांबत नाही. ओस्मार जाता जाता हॉर्न वाजवतो. चूल थंड असते. कुणावर रागवायचं म्हटलं तर कुणी सापडत नाही, म्हणून तुला लिहितेय.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. त्या दिवशी मी पेला तोंडापर्यंत नेला होता. एक घोट मारला असता, काय होणार होतं मला? पण पोरगं बघत होतं. पेल्यात ऊन चमकत होतं ना, ते धरायला हात पुढे करत होतं.

झुलेमा


ब्युनोस आयर्स, २० नोव्हेंबर

मावशी,

खाली बस, कारण हे उभ्याने वाचवणार नाही.

मी परतले ती खोक्यात सामान भरायच्या तयारीने. दोन आठवडे देल्फिना माझ्याशी फक्त ईमेलवर बोलली, शेजारच्या टेबलावरून. मग युरोपातल्या त्या प्रतिष्ठानने डॅशबोर्ड उघडला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लाल विहिरी शून्य, शेवटी चाळीसच्या वर. त्यांच्याकडे हाहाकार उडाला! एका महिन्यात एवढं प्रदूषण जगात कुठेच झालेलं नाही म्हणे. तातडीची बैठक, तातडीचा निधी. नेहमीच्या मदतीच्या तिप्पट. शाळांना गाळण्या, पावसाच्या पाण्याच्या नव्या टाक्या, सगळं. लास तुस्कासची शाळा यादीत पहिली आहे.

मी देल्फिनाला म्हणाले, "त्यांना सांगायला हवं की या विहिरी आधीपासूनच अशा होत्या." ती म्हणाली, "आकडा खोटा आहे का?"

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर मला उभं केलं आणि सांगितलं की नेरेआने संकट वेळेवर उजेडात आणलं, हेच 'क्लारेआ'चं तत्त्व. टाळ्या. कंपनीने पुस्तकाला एक पान जोडून पाठवलंय: 'क्लारेआ-लाल, केवळ निकडीच्या प्रसंगी'. त्या पानाचं बिल वेगळं. फाउस्तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. पण त्याने मग स्वतः प्रतिष्ठानला पत्र लिहिलं, जुन्या तपासण्यांच्या तारखांसकट. मीही खाली सही केली. अजून उत्तर नाही. बहुतेक पुस्तकात त्याला रंग शोधत असतील.

माझा करार दोन वर्षांनी वाढला. चुकीच्या कारणासाठी वाढला, हे मला कळतं. तरी घेतला. तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सांगितलं.

एक वाईट गोष्ट राहिली. अहवाल आधीच छापून झाला होता. मुखपृष्ठावर तू आहेस, निळ्या झग्यात, हातात भरलेला पेला. खाली लिहिलंय, 'उजाडतंय'. मी काढा म्हणाले. वाटून झालेत.

नेरेआ


लास तुस्कास, ४ डिसेंबर

नेरेआ,

मुखपृष्ठ बघितलं. रुफिनोने दुकानात टांगलंय. झगा बरा दिसतो. बाईचं काही सांगता येत नाही.

शाळेत टाकी बसली. गाळणीचं यंत्र भिंतीला लावलंय, त्याला कुलूप आहे आणि किल्ली मागालीकडे. मी पाण्याला जाते ती सगळ्यांसारखी रांगेत उभी राहते. ती माझा कॅन भरते, झाकण लावते, पुढचा म्हणते. सिमोनला दोन दात आलेत. मला बघून हसतो. त्याला अजून काही कळत नाही.

करार घेतलास ते बरं केलंस. चांगलं वागायचं तर पोटात काहीतरी लागतं, मी उपाशीपोटी करून बघितलंय. त्या पत्रावर सही केलीस हे त्याहून बरं.

परवा तुमची रंगवणारी पोरं पुन्हा आली. तीच दोघं. या वेळी पंप लाल केला, नव्या पानातला लाल, सूर्यही लाल. जेवायला थांबा म्हटलं तर एकमेकांकडे बघायला लागली. मी कॅन दाखवला, शाळेच्या गाळणीतलं आहे म्हटलं, तेव्हा बसली.

काल सकाळी मी अंगण झाडत होते. बघते तर मागाली रस्त्याच्या अलीकडून येतेय, मागे शाळेतली सगळी पोरं. हातात वह्या. तिने पोरांना विहिरीभोवती उभं केलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन्या झुलेमा, ही विहीर लाल का आहे ते मुलांना सांगाल का?"

झाडू हातातच होता. सांगितलं. जमिनीत खोलवर विष असतं, ते कुणी टाकलेलं नाही, पाण्याबरोबर वर येतं. दिसत नाही, वास येत नाही, उकळून जात नाही. पोरं ऐकत होती. पोस्टमनची धाकटी, पुढचे दात पडलेली, तिने हात वर केला.

"तुम्ही प्यायलात का हे पाणी?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कोण प्यायलं?"

मागाली पंपाकडे बघत होती. मी म्हटलं, "बसमधली माणसं. रुफिनो आजोबा. तुमच्या बाई. बाईंचं बाळ."

"आणि तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हटलं, "हो. माहीत होतं."

मागाली मुलांकडे वळली. "लिहून घ्या," ती म्हणाली.

पोरं खाली बसली, वह्या मांडीवर घेतल्या. त्यांचं लिहून होईपर्यंत मी तिथे उभी होते.

झुलेमा